ग्राफमामीच्या तीन चाली

शेवटच्या संध्याकाळी मी ग्राफच्या कागदाचं एक टोक धरून उंबऱ्यात उभा होतो. दुसरं टोक मामीच्या अंगठ्याखाली, पार स्वयंपाकघरात. एकाला एक चिकटवून तिचा कागद नऊवारीइतका लांब झाला होता. "सरळ धरा, तुमच्या हातून कंपनी बुडेल," ती म्हणाली. पट्टी ठेवून तिने रेघ ओढली, आणि आम्ही जेवलो.

मामी म्हणजे माझी बायको. मद्रासच्या मैलापुरात कुठल्याही लग्न झालेल्या बाईला मामी म्हणतात; तिला सगळे ग्राफमामी म्हणायचे, म्हणून मीही मामीच म्हणायचो. मी चौथी शिकलेला, स्टोव्ह दुरुस्त करणारा. ती इस्पितळात कारकून. रोग्यांच्या तापाचे तक्ते वर्षानुवर्षं भरायची. शेअरचे भाव पेपरात छापतात हे कळलं तेव्हा तिला त्यातही तापच दिसला. "एका आकड्यावरून ताप कळत नाही, शेअरही कळत नाही." रोज सकाळी पेपरातला भाव बघून एक ठिपका. शेजारीण टोमणा मारायची, की या मराठी मामीचं कोलम, ठिपक्यांची रांगोळी, घरात आणि दारात नुसता सडा.

दुपारी गल्लीतल्या बायका शिकायला यायच्या. ती बाजाराच्या तीनच चाली सांगायची. भाव पडून जिथे थांबतो तो तळ दर वेळी आधीच्या तळापेक्षा वर, तर चाल चढती. "पोर जिना चढताना एखादी पायरी मागे येतं, म्हणून अंगणात आलं म्हणायचं का?" प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा बुटकी, तर चाल उतरती, विहिरीत पडणाऱ्या घागरीला मधेच हात घालू नये. आणि भाव महिनोन्‌महिने त्याच दोन रेघांत फिरत राहिला, तर आडवी. ती बसलेली म्हैस. उठून कुठल्या बाजूला जाते ते बघावं, मग कासरा धरावा. बायका हसायच्या, कॉफी प्यायच्या आणि नवऱ्यांना न विचारता शेअर घ्यायच्या.

आमचे शेअर एकाच कंपनीचे, सायकलचे सुटे भाग करणारीचे. माझ्या नावावर. त्यातून मला दुकानाला स्वतःचा गाळा घ्यायचा होता. एकदा मामी बहिणीच्या लग्नाला तंजावरला गेली आणि ठिपक्यांचं काम माझ्यावर टाकून गेली. पाचव्या दिवशी ठिपका कागदाच्या खालीच जाऊ लागला. भाव एकदम निम्मा. तळ जोडून ओढलेली तिची चढती रेघ कुठल्या कुठे राहिली. मी दलालाकडे धावलो, सही केली, सगळे शेअर विकून टाकले. घर वाचवलं म्हणून वाटेत जिलबीही खाल्ली.

मामी आली. पेपर बघितला. आकड्याला चिकटून दोन बारीक अक्षरं होती. "या काय मुंग्या वाटल्या तुम्हाला?" कंपनीने एका शेअरला एक शेअर फुकट दिला होता, बोनस; ती अक्षरं त्याचीच खूण. तेवढ्यासाठी भाव निम्मा झाला. चाल चढतीच होती.

दोन महिन्यांनी पोस्टमन बोनसचे शेअर घेऊन दारात उभा. मी विकायच्या आधीच ते माझ्या नावावर लागले होते, म्हणून वाचले. मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बघा, निम्मं तरी कंपनीने तुमच्यापासून लपवून ठेवलं."

गाळा झाला, चार वर्षं उशिरा. त्याबद्दल तिने कधी ऐकवलं नाही. मी मात्र पेन्सिल सोडली ती सोडलीच. ती पुढे करायची, मी हात मागे घ्यायचो. "मी नसले तर हा कागद असाच ठेवणार?" ती विचारायची. हो, म्हणायचो. त्या संध्याकाळीही जेवताना म्हणाली, "उद्याचा ठिपका तुम्ही मांडा." मी नाही म्हणालो. हो म्हणायला माझं काय जात होतं?

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. गल्लीतल्या बायकांनी घर भरलं. भटजी यायला अवकाश होता. पेपर दारात पडला होता, कोणी उचलला नव्हता. मी उचलला, चष्मा लावला, आमच्या कंपनीचा आकडा शोधला. शेजारी बारीक अक्षरं नाहीत ना, ते दोनदा बघितलं. मग ठिपका मांडला.