मिस्त्रींचं सपाट टेबल

माझा धाकटा भाऊ जन्मभर गुडघ्यांवर होता. देवापुढे नव्हे, फरशीवर. गावातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत त्यानं बसवलेल्या फरश्या आहेत, आणि त्यांवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही, हे तो पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगतो. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता वाकणं बंद. त्याची बायको आधीच वारली होती. मग काम गेलं, आणि कामाबरोबर माणसंही गेली.

हे त्याच्या आधी त्याच्या लेकीच्या लक्षात आलं. ती असते लांबच्या शहरात. तिनं फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाबा, तुमच्याकडे आत्याशिवाय कोणी फिरकत नाही, आणि तीही आठवड्यातून एकदा. उद्या घरात पडलात तर कळायचं कुणाला? मुलांच्या परीक्षा झाल्या की मी गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेवा."

पोरीचं काही चुकत नव्हतं. मी तसं म्हटलंही. पण धाकट्याला ते घर सोडायचं नव्हतं. वाद घालायचा त्याचा स्वभाव नाही, तो फक्त म्हणाला, "येतील माणसं."

"कशाला येतील? तुझं तोंड बघायला?"

"फूसबॉल खेळायला."

मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग त्यानं समजावलं. त्याचं शेवटचं काम एका मोठ्या ऑफिसात होतं. तिथं एका खोलीत ते टेबल होतं. आडव्या दांड्यांना लाकडी खेळाडू टांगलेले, दोन्ही बाजूंनी मुठी धरून दांडे फिरवायचे आणि समोरच्याच्या जाळ्यात चेंडू घालायचा. "ताई, एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं तिथं आरडाओरडा करायची. आणि सगळं उभ्यानं. गुडघा वाकवायलाच नको."

म्हटलं, चल. दुकानात मी बरोबर नसते तर तो तिथली फरशीच बघत बसला असता.

दुकानातली मुलगी हुशार होती. हलकी टेबलं तिनं स्वतःच बाजूला काढली. म्हणाली, जोरात मारलं की ही अख्खी सरकतात. धाकट्यानं प्रत्येक टेबलाला कमरेनं धक्का दिला, दांडे ओढून पाहिले, पायांना उंची जुळवायचे स्क्रू आहेत का तपासलं. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. शेवटी एक जड, देखणं टेबल उरलं. त्यानं पिशवीतून पाणसळ काढली. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट, एवढं त्याचं शास्त्र. मधे ठेवली, ठीक. कोपऱ्यात ठेवली आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे वाकडं आहे."

"काका, कोपरे मुद्दाम उचललेले असतात," मुलगी म्हणाली. "चेंडू तिथं अडकू नये म्हणून."

"माल खराब निघाला की सगळे मुद्दामच म्हणतात."

मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. मी म्हटलं, "अरे, ती बरोबर सांगतेय. उतार नसेल तर चेंडू परत येईल कसा?"

"ताई, तू पुस्तकातलं सांगतेस. मी जन्मभर हेच केलंय."

आणि त्यानं शेजारचं टेबल घेतलं. आरशासारखं सपाट. त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

टेबल पुढच्या खोलीत बसलं. पायांचे स्क्रू पिळून त्यानं ते इतकं समपातळीत आणलं की त्यावर भरला पेला ठेवून मला दाखवला. मग जुन्या साथीदारांना निरोप गेले. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला गिलावा करणारा गवंडी आला. त्याला सगळे गिलावाच म्हणतात. प्लंबर आला. शेजारच्या दवाखान्यातली कंपाउंडर बाई आली. मीही होते, म्हणजे चौघांना पुरून वर एक.

काय सांगू! चेंडू कोपऱ्यात जायचा आणि बसायचा. कुठल्याही खेळाडूचा पाय तिथं पोचत नाही. हात घालून काढा, मधे टाका, की परत कोपऱ्यात. धाकट्याला तर खेळताही येत नव्हतं. दोन्ही हातांनी गोलकीपरचा दांडा आवळून उभा, जणू बसमधे लोंबकळतोय. मी माझे दांडे गरगरा फिरवत होते, तर प्लंबर म्हणाला, "ताई, पंखा नाही तो. फिरवायचं नसतं, नियमात बसत नाही." पुन्हा चेंडू मेला. कंपाउंडर बाईनं जांभई दिली. प्लंबरनं फोन काढला.

गिलावा मात्र चेंडूकडे टक लावून बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, असलं न्हाणीघर केलं असतंत, तर मालकानं तुम्हालाच तुंबलेलं पाणी उपसायला बसवलं असतं."

सगळे हसले. धाकटा हसला नाही. थोड्या वेळानं एकेक जण "येतो मिस्त्री" करत उठला. पुढच्या आठवड्यात कुणी आलं नाही. लेकीच्या पोरांच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या.

मी म्हटलं, दुकानात बदलून मिळेल, फोन करते. तो म्हणाला, "त्या पोरीला काय तोंड दाखवू?" आणि सकाळीच थापी घेऊन टेबलापाशी उभा राहिला. फरशीच्या सांध्यांत भरायचा, वाळला की दगड होणारा लेप त्यानं कालवला आणि चारही कोपऱ्यांत पातळ पातळ ओढला, मोरीच्या दिशेनं ढाळ द्यावा तसा. फक्त इथं मोरी मैदानाच्या मधे. वाळू दिला, घासला, पुन्हा ओढला. चेंडू सोडला. चेंडू कोपरा शिवून मुकाट माघारी आला.

"बुडबुडा कुठाय आता?" मी विचारलं.

"गप बस गं," तो म्हणाला, पण खुशीत.

गिलाव्याला त्यानं स्वतः फोन केला. म्हणाला, "ये, शिव्या द्यायला तरी ये." तो आला, चेंडू चारही कोपऱ्यांत टाकून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरला ओढून आणलं. मग शिकणं सुरू झालं. मूठ आवळायची नाही, सैल धरायची. चेंडू आला की लगेच हाणायचा नाही. खेळाडूच्या पायाखाली दाबून थांबवायचा, मग मनगटानं टोला. माझ्याच्यानं थांबणं होत नाही, म्हणून मी अजून हरते. धाकट्यानं मागची बाजू घेतली. गोलकीपर आणि त्याच्या पुढचे दोघे एका रेषेत न ठेवता जरा तिरके ठेवायचे, म्हणजे फट उरत नाही. ते त्यानं असं उचललं की कंपाउंडर बाई त्याच्याशी खेळताना चिडू लागली.

"मिस्त्री, एक तरी गोल होऊ द्या ना."

"घ्या की. कुणी अडवलंय?"

"तुम्हीच!"

लेक ठरल्याप्रमाणे आली, ती भर दुपारी. त्या वेळी खेळणाऱ्यांपैकी कुणीच नव्हतं. मीच दार उघडलं. धाकटा अंघोळीला गेला होता. तिनं टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्या, हे काय? आणि सामान कुठाय?"

"बांधलेलं नाही."

"मग मी बांधते." तिनं कपाट उघडलं, बाबांचे सदरे पलंगावर काढायला लागली. बोलायचं ते त्यानं बोलायला हवं होतं.

एवढ्यात बाहेरच्या कुलपात किल्ली फिरली. गिलावा आत आला, अंगावर सिमेंट, हातात डबा. डबा स्वयंपाकघरात ठेवून हाक मारली, "मिस्त्री?" उत्तर नाही. तसा तो सरळ न्हाणीघराच्या दारापाशी गेला आणि दार ठोठावलं. "ओ मिस्त्री! जिवंत आहात ना?"

आतून आवाज आला, "साबण लागलाय तोंडाला!"

"मग बसा घासत." तो वळला, तर समोर लेक, हातात सदरा. तो ओशाळला. "जेवायच्या सुट्टीत एक चक्कर असते. यांना हाका ऐकू येत नाहीत म्हणून किल्लीच घेतली मागून."

"रोज येता?"

"रोज कुठलं? माझं काम लांब असलं की प्लंबर येतो. तो नाही आला तर दवाखान्यातल्या बाई येतात. पण संध्याकाळी असतोच आम्ही सगळे. काल हरलो ना, आज फेडायचंय."

लेक बराच वेळ त्या सदऱ्याची घडी घालत राहिली. मग घडी कपाटात ठेवली, पर्समधून फोन काढला आणि म्हणाली, "काका, तुमचा नंबर सांगा. आणि प्लंबरकाकांचाही."