पंख्याचा पॉइंट

धुळ्यात आमच्या चाळीत वीज युनिटावर नाही, पॉइंटावर मिळायची. मीटर एकच, तोही घरमालक नानांच्या ओसरीत. बल्ब म्हणजे एक पॉइंट, पंखा म्हणजे मोठा पॉइंट, आणि कशाचे महिन्याला किती घ्यायचे ते नाना ठरवणार. मीटरची चकती जरा जोरात फिरू लागली की कोणी चोरून इस्त्री लावली का, हे बघत ते दारोदार हिंडत. पैसे थकले की त्या खोलीचा फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. त्या खिशाचा मला आजही राग येतो.

आणि माझी नोकरी काय, तर महागाई मोजायची. ठरलेल्या वारी ठरलेल्या दुकानांत जाऊन ज्वारी, गोडेतेल, साबण, रॉकेल यांचे भाव टिपायचे. त्यावरून निर्देशांक निघे, आणि निर्देशांकावरून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता. वीज काही दुकानात मिळत नाही, म्हणून तिचा दर वीज कचेरीतल्या फलकावरून उतरवून आणायचा.

शेजारच्या अक्कांचा नवरा गिरणीत होता. घरात दम्याने बेजार झालेली सासू. ऐन एप्रिलात नानांनी पंख्याच्या पॉइंटाचे पैसे दुप्पट केले. वीज महाग झाली, म्हणाले. फलकावर जुनाच दर होता, तो दर महिन्याला मीच तर बघत होते. तसं तोंडावर सांगितलं.

"तो सरकारचा भाव, बाई. हा माझा," नाना म्हणाले. "परवडत नसेल तर खोली सोडा."

त्या महिन्यात मी भावांच्या फॉर्मात विजेपुढे चाळीतला दर लिहिला. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली.

"भाडेकरू मालकाला काय देतो, तो आपला विषय नाही. फलक काय म्हणतो?"

"साहेब, गिरणीतली कितीतरी माणसं अशाच चाळींत राहतात. फलकाचा दर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही."

"मग ते घरभाड्यात येईल."

"घरभाड्यातून विजेचे पैसे वगळायचे, असं तुम्हीच सांगितलंय."

साहेबांनी चष्मा पुसला. विजेचा वाटा केवढासा, म्हणाले, त्याने भत्त्यात असा काय फरक पडणार आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्का दर महिन्याला मोजून देत होत्या ते पैसे सरकारच्या लेखी कुठेच नव्हते. नानांच्या खिशात तेवढे होते.

मे महिन्यात अक्कांनी पंखा उतरवून सोनगीरच्या भाच्याला विकला. पत्र्याखाली भट्टी पेटलेली. म्हातारी उंबऱ्यात बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायची, आणि हात दुखला की पुठ्ठा मांडीवर टाकून नुसती धापा टाकायची. नाना तिच्या अंगावरून ओलांडून जात. एकदा तर म्हणाले, वाटेत बसू नका. मी त्यांना नको नको ते बोलले. पुढच्या महिन्यात माझ्या बल्बाचेही पैसे वाढले.

त्याच सुमारास गिरणीच्या फाटकावर भत्त्याचा कागद लागला. अक्कांचा नवरा घरी जायच्या आधी माझ्या दारात आला. भांडायला नव्हता आला, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"ताई, कागदवर वीजना भाव वाढना नही, असं शे म्हने. मंग आमना पंखा कशाले गया?"

मान खाली घालून मी भाकरी थापत राहिले, आणि तो निघून गेला.

पुढच्या फॉर्मात मी सगळे भाव भरले आणि विजेचा रकाना कोरा ठेवला. साहेबांनी पेन उघडलं आणि स्वतःच लिहिलं, 'बदल नाही.' डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर काचेचं वजन ठेवलं.