ओंगळ नात

लामदुआनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत मिठागरातलं मीठ कोठारात गेलं पाहिजे, हा तिचा नियम. खांद्यावर काठी, दोन्ही टोकांना टोपल्या. मी तिच्या मागून चालायचे. माझ्या टोपल्या हिंदकळायच्या, तिच्या नाही. अर्धी टोपली तिने कधी उचलली नाही आणि उचलणारीला बोलल्याशिवाय सोडलं नाही.

आमच्या वेळी तान्ह्या बाळाला सुंदर म्हणायची कुणाची छाती नव्हती. भुतं ऐकतात, आवडलं की घेऊन जातात. म्हणून पोर जितकं गोजिरं, तितका आवाज चढवून म्हणायचं, "शी, काय ओंगळ!" ऐकून आई खूश व्हायची. लामदुआन मात्र पहिल्या मुलीला एकदा 'माझी सुंदर' म्हणून गेली. मुलगी दात यायच्या आधीच गेली. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. नंतरच्या प्रसितला तिने ओंगळ, काळा, नकटा म्हणतच वाढवलं.

प्रसितने बँकॉकमध्ये संसार थाटला. त्याला मुलगी झाली, तेव्हा लामदुआन सुकी मासळी घेऊन निघाली. सोबतीला मला नेलं. पाळण्यात डोकावली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शी! काय ओंगळ पोर! नाक तर बघा, बेडकाचं!"

सुनेने, नलिनने, बाळ उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"आई, असं नाही म्हणत आता कुणी," प्रसित म्हणाला.

"तुला म्हटलं म्हणून जगलास ना, मेल्या!"

"ती रडतेय आत. तिला शाळेत काळी काळी म्हणून चिडवायचे. आता बाळाला हात नाही लावू देणार."

लामदुआन बराच वेळ दारापाशी बसून राहिली. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "सूनबाई, सुंदर आहे गं पोर. फार सुंदर."

दार उघडलं. बाळ मांडीवर आलं.

"मग आधीच नाही का म्हणायचं, आई?" नलिन डोळे पुसत हसली.

लामदुआनने बाळाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मांडीवर घ्यायच्या हावेपायी दुसऱ्यांदा तेच केलं मी."

"अगं, पोर धडधाकट आहे!"

"पहिलीही होती."

गावी येताच तिने अंगणात जागेवाल्याचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, छोटं घर बसवलं. खांबावरचं, सिमेंटचं, रंगवलेलं. कामावर निघण्याआधी उदबत्ती लावायची, नैवेद्याला लाल सरबताची बाटली ठेवायची आणि शेजार जागा होईल इतक्या मोठ्याने सांगायची, "आमची नात नकटी आहे. ओंगळ आहे. शहरात बोलले ते खोटं."

नात आता धावते. तरी हिचं सांगणं चालूच. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "तिला सुंदर तू म्हणाली होतीस का? मी म्हणाले."

तिच्या घराचं छप्पर आजही गळतं. नव्या पत्र्यांसाठी मीठ वाहून साठवलेले सगळे पैसे त्या खांबावरच्या घरात गेले.