सरासरीचा पाऊस

आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या गावात शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून आकडा वहीत लिहायचा, हे काम कैक वर्षं माझ्याकडे होतं. बहुतेक दिवशी मी शून्यच लिहिलं, तरी त्या वहीचा मला भारी ताठा. गावातली माणसं आभाळाकडे बघून बाता मारायची आणि मला त्यांची कीव यायची.

त्या वर्षी जून कोरडा गेला, जुलैही. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. मग ऑगस्टातल्या एका दुपारी दोन तासांत सगळ्या मोसमाचा पाऊस कोसळला. यात नवल काही नव्हतं. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते. भरायला दिवस लागतात आणि भरली की सगळं एकदम ओतते. पाणी तापलेल्या, टणक रानावरून माती घेऊन ओढ्याला गेलं. दुसऱ्या दिवशी मी ढेकूळ फोडलं, तर आत ठणठणीत कोरडं.

तालुक्याचे साहेब पंख्याखाली बसून म्हणाले, "सरासरी भरली की! तुमचं गाव टंचाईतून बाहेर." सरासरी! या माणसाला दोन महिने उपाशी ठेवावं आणि मग एका बैठकीत सगळी जेवणं पुढ्यात वाढावीत, असं मला वाटलं. नुसतं वाटलं. तोंडानं मी "हो साहेब" म्हणालो.

वहीत आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असतो. साहेबांना शेरे आवडत नसत, म्हणून मी तो कोराच ठेवत आलो होतो.

थोरला भाऊ मुंबईत माथाडी. घरी वहिनी आणि त्यांच्या दोन गाई. गाव टंचाईच्या यादीत राहून सरकारी चारा छावणी उघडली तरच गाई राहणार होत्या. वहीची नक्कल अजून तालुक्याला जायची होती, म्हणून वहिनी शाळेत आल्या.

"भावजी, आवं जरा कमी लिवा की. कोन बघाय येतंय?"

"मी खोटा आकडा लिहीत नाही," मी ताडकन म्हणालो.

"मग खरं काय झालं त्ये तरी लिवा. दोन तासात आला न् व्हावून गेला म्हनून."

"त्याला वहीत जागा नसते, वहिनी."

हे मात्र मी बेधडक खोटं बोललो.

छावणी उघडली नाही. वहिनींनी दोन्ही गाई बाजारात विकल्या. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घरी परत आणतात. दुसऱ्या सकाळी त्या आल्या आणि दोन्ही दावी माझ्यापुढं टाकली.

"पाऊस भरलाय न्हवं? मग चारा बी लय झाला आसंल. आता गाई तुमीच आना आन् बांधा."

साहेबांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो. पण त्यांना निदान आमचं रान ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.