चार पल्ल्यांचं कवाड

मायनं ते दार बैहरला पाहिलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही.

बैहरला माझी मावशी राहायची. तिचा नवरा तिथल्या सरकारी बंगल्यावर चौकीदार होता. मॅट्रिकची परीक्षा संपल्यावर मी आणि माय तिच्याकडे गेलो, तर मावसाजींनी मोठ्या ऐटीत आम्हाला बंगला दाखवायला नेलं. मागच्या खोलीत शिरलो आणि बघतो तर काय, भिंतच नाही! भिंतीच्या जागी चार पल्ल्यांचं सागवानी दार, खाली फळ्या, वर काचा. चारही पल्ले दुमडून बाजूला सारले की खोली थेट बागेतच निघायची. मी खुळ्यासारखी काचांवरून हात फिरवत सुटले. माय मात्र काचा पाहतच नव्हती. ती वर चौखटीकडे पाहत होती. मग ती दारातून बाहेर गेली, आत आली, पुन्हा बाहेर गेली. आठ-दहा चकरा झाल्या असतील.

"अवो बाई, पुरे करा ना आता," मावसाजी घाबरले. "साहेब येऊन राह्यला. जीपचा आवाज आला मले."

"येऊ द्या साहेबाले. त्याचं दार काही खाऊन नाई राह्यली मी."

परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "आपल्या घराले आंगणाकडून असंच कवाड लावू." मी जागच्या जागी अशी उडाले की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून पाहायला लागला.

तेव्हा बालाघाटला आमचं घर बांधणं चाललं होतं. बाबूजी शाळेत मास्तर. आमच्या वस्तीतच त्यांनी जागा घेतली होती आणि भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. मागे चांगलं ऐसपैस आंगण होतं. बौद्ध धम्माची दीक्षा झाल्यापासून दर रविवारी वस्तीतली माणसं वंदनेला आमच्याकडेच जमायची, त्यामुळे आंगणाकडे मोठं दार हवं हे बाबूजींनाही पटलं. पण चार पल्ले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"दोन पल्ले पुरे नाई का?"

"नाई," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मला हव्या होत्या काचा. मायला हवी होती उंची, आणि तिचं कारण वेगळंच होतं. तिचं माहेर राजेगावकडे, गावाच्या अगदी कडेला. तिथे आमच्या लोकांच्या घरांची दारं इतकी ठेंगणी, की लेकरं सोडली तर सरळ उभ्यानं आत कोणी जाऊच शकत नसे. आणि माझा आजा, म्हणजे मायचा बाप, चांगला ताडमाड माणूस.

"माह्या बानं जलमभर मान वाकवली," माय बाबूजींना म्हणाली. "घरात शिरताना वाकला, बाहेर मालगुजारापुढं वाकला. माह्या घरी तो सरळ आला पाहिजे. बाकी मले काई मालूम नाई."

बाबूजींनी चष्मा पुन्हा लावला.

दुसऱ्याच आठवड्यात माय माहेरी जाऊन आली, ती बसच्या टपावर एक बांबू घेऊन! आज्याला भिंतीशी उभं करून, त्याच्या पागोट्याच्या वर एक वीत सोडून तिनं तो बांबू कापून आणला होता. "काहून मोजून राह्यली वो?" असं आज्यानं विचारलं, तर ही म्हणे, "तुह्यासाठी सदरा शिवाचा आहे." सदरा बांबूनं मोजतात होय! पण आजा गरीब बिचारा, उभा राहा म्हटलं की उभा राहायचा.

मग सुरू झाली आमची धमाल. आरामशीनवर जाऊन आम्ही लाकूड निवडलं. साग घ्यायचा की बीजा, यावर बाबूजी आणि मशीनवाला हिंदीत वाद घालत बसले, आणि तेवढ्यात मायनं फळीचा वास घेऊन, नखानं ओरखडून सागच ठरवून टाकला. काचांसाठी मी हटूनच बसले. मला हिरव्या आणि लाल हव्या होत्या. शेवटी सगळ्यात वरच्या ओळीत रंगीत आणि बाकी साध्या, असा तह झाला. दुपारी ऊन आलं की फरशीवर कसे रंग पडतील, या कल्पनेनंच माझं जेवणात लक्ष लागेना. शेजारची काकू येता-जाता टोमणे मारायची, "एवढं मोठं कवाड काहून वो? हत्ती बांधता का काय घरात?"

"हौ," माय म्हणायची, "तुम्हीच आणून द्या एखादा."

काम दिलं रामपायलीकडच्या एका म्हाताऱ्या वाढयाला. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. हात असा की दोन फळ्यांच्या जोडात कागदही शिरणार नाही. मायनं त्याच्या हातात बांबू दिला आणि तीन-तीनदा बजावलं, एवढी उंची पाहिजे, केसभरही कमी नको. तो "हौ बाईजी, हौ बाईजी" करत गेला.

चौखट बैलगाडीतून आली त्या दिवशी निम्मी वस्ती आमच्या आंगणात हजर होती. काय सुंदर चौखट होती! कडेनं वेलबुट्टी कोरलेली, रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत केलेली. चौघांनी ती उभी केली. माय हसत हसत बांबू घेऊन पुढे झाली आणि चौखटीत उभा करायला गेली, तर बांबू आत बसेचना. चांगला दोन वीत वर राहत होता.

मायचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच कमी केली, बाईजी," वाढई म्हणाला. चोरी पकडल्यासारखा नाही, उलट आपण भलं काम केलं अशा थाटात. "घरात येणारानं थोडं नमून आलं पाहिजे. घराचा मान आहे तो. माह्या बापानं, आज्यानं अशीच दारं केली. तुम्ही नवीन लोकं, तुमाले मालूम नसन, म्हणून म्या तुमच्या भल्यासाठी..."

"माह्या भल्यासाठी!" माय कडाडली. "मिस्त्रीभाऊ, नमून नमून आमच्या लोकायच्या पाठी मोडल्या. आता आमच्याच घरात, आमच्याच पैशानं, पुन्हा नमाचं?"

मला वाटतं, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. बाबूजी मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ दे आता. लाकूड तं कापल्या गेलं ना."

माझं डोकंच फिरलं. "कापल्या गेलं म्हणून काय झालं? वर उचला चौखट! खाली दगड द्या!" मी ओरडले. वडीलधाऱ्यांसमोर असं ओरडायची पद्धत नव्हती, पण त्या क्षणी मला कोणाची पर्वा नव्हती.

गवंडी हसला. "उचललं तं उंबरठाबी वर येईन, पोरी. लोकं अडखळून पडतीन."

"मंग उंबरठाच काढा," माय म्हणाली.

वाढयानं कानाला हात लावला. "बिना उंबरठ्याचं घर असते का बाईजी?"

"आमचं असन."

त्यानं एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा चौखटीकडे. मग कानावरची पेन्सिल काढली, खाली बसला आणि स्वतःच्याच हातानं खालच्या लाकडावर खूण करून करवत लावली. दोन्ही उभ्या लाकडांखाली घडीव दगड बसवायचे, जसे देवळाच्या खांबाखाली असतात तसे, आणि पल्ल्यांना खालून फळी जोडायची, हे सगळं त्यानंच ठरवलं. जास्तीच्या कामाचा मोबदला घ्यायलाही तयार होईना. पुन्हा बांबू उभा केला, तेव्हा तो आत आरामात मावला. मी आनंदानं आंगणभर नाचले. शेजारची काकू डोक्यावर घागर घेऊन दारातून सरळ चालून गेली, आणि मग काय, वस्तीतल्या बायांची रांगच लागली!

घर पुरं झालं आणि पहिल्या वंदनेला आजा आला. पांढरं धोतर, नवं पागोटं. सगळी माणसं मागे आंगणात बसली होती. माय आंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मला म्हणाली, "आण त्याले." मी त्याला पुढच्या खोलीतून आणलं. चारही पल्ले उघडे होते, फरशीवर हिरवा-लाल उजेड सांडला होता.

दाराशी आलो आणि आजा वाकला. कमरेतून, पार खाली.

"बा!" मायचा आवाज चिरकला. "वर पाह्य ना रे. सरळ ये."

आज्यानं वर पाहिलं, ओशाळून हसला, मागे गेला, पुन्हा आला. दाराशी येताच मान आपोआप खाली. लोक हसायला लागले. मायनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

तिसऱ्यांदा तो चौखटीच्या बरोबर खाली येऊन थांबला. या वेळी ताठ उभा. पण पाऊल पुढे टाकेना.

"काहून थांबला?" मायनं विचारलं.

"भेव वाटते, पोरी," आजा म्हणाला. "डोक्याले काईच लागून नाई राह्यलं."

मायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही.

"वाटू दे भेव," ती म्हणाली. "तसाच ये."

आज्यानं डोळे मिटले, माझा हात घट्ट धरला आणि मान वर ठेवून आंगणात आला. आणि अख्खी वस्ती उठून उभी राहिली.