टाकीच्या झाकणावरचं कुंकू
तेलात कालवलेल्या कुंकवाचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की मला लासूरच्या अलीकडचा तो रस्ता दिसतो. त्या दसऱ्याला शहरात उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, जुन्या इटालियन मोटारसायकलची पूजा नुकतीच झाली होती आणि वैजापूरहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, आबांचं काई खरं नाय. गाडीवरच ये, तिचा आवाज ऐकायचाय म्हणायलेत." मी तसाच निघालो. थोडं अंतर गेलं की गाडी आचके देऊन बंद पडायची, जरा थांबलं की सुरू व्हायची, आणि पुन्हा बंद. प्लग काढून पुसला, कार्बोरेटर उघडून फुंकला, किका मारून मारून पाय सुजला. दोन्ही बाजूंना कपाशी पांढरीफक्क फुटलेली, ऊन डोक्यावर, आणि मी त्या लोखंडाला कधी शिव्या देत होतो, कधी हात जोडत होतो. शेवटी एक कांदेवाला टेम्पो थांबवून म्हणाला, "पेट्रोल तरी हाय का बघा की!" झाकण फिरवलं तर टाकीनं सुस्सकन हवा आत ओढली. बायकोनं झाकणावर काढलेल्या ठसठशीत स्वस्तिकानं हवेचं बारीक भोक बुजलं होतं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. नखानं कुंकू खरवडलं. मग गाडी कुठंच अडली नाही, दणदणत अंगणात शिरली, तेव्हा आबांच्या उशाशी दिवा लावून झाला होता. बायको अजूनही दर दसऱ्याला तिथंच स्वस्तिक काढते. ती आत गेली की मी सुईनं ते भोक मोकळं करतो. कशासाठी, ते तिला अजून सांगितलेलं नाही.