कानापर्यंत येणारी दोरी

केबल आली त्या वर्षी टीव्हीवरचे बाण बघून मी दिरांशी पैज लावली, की मी भोपळा फोडला तर महिनाभर चहा तुम्ही करायचा. तेव्हा माझ्या दंडात जोर कमी आणि तोंडात जास्त होता.

धारूरच्या बाजारात मेंढरं राखणारी एक म्हातारी बांबूची धनुष्यं विकायची. मी ऐटीत सगळ्यांत उंच, गोंडेवालं उचललं. दोरी ओढली तर वीतभरही येईना. तिनं तंबाखू या गालातून त्या गालात सारली आणि माझ्या उंचीचं साधं धनुष्य पुढं केलं.

“बाय, गोंडं बघू नगं. दोरी कानापतुर आली तरच ते तुजं.”

सोबत आलेल्या दिरांनी बाजाराच्या कडेच्या बाभळीला भोपळा टांगला, शेजारी आपली नवी टोपी अडकवली. या खेपेला दोरी कानापर्यंत आली. बाण सुटला तो थेट टोपीत घुसला.

“नेम लई बेस हाय,” म्हातारी म्हणाली, “भोपळाच चुकीच्या जागी टांगलाय!”

पैज मी हरले. तरी महिनाभर चहा दिरांनीच केला. त्यांच्याकडे अजून एक टोपी होती, आणि माझ्याकडे धनुष्य.